आग्रह आणि अदब

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजक समितीची ऋणी आहे. समितीने मला दिलेला विषय असा : उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तेथील लोकांत कसे वागावे, कसे मिसळावे, कोठे हिंडावे-फिरावे. विषय वरवर पाहता काट्याचमच्यांचा आणि सहलींचा वाटतो. मला मात्र तो आज पालकांसमोर ठेवण्याजोगा गंभीर विषय वाटतो. त्याचे कारण बोलण्याच्या ओघात येईलच.

पु. ल. देशपांडे १९५८ साली दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले आणि त्या प्रवासावरील ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातले इंग्लंड अजूनही त्या पुस्तकातलेच आहे. आज बंगळुरूहून थेट विमान दहा-अकरा तासांत लंडनला पोहोचते. व्हिसा, शुल्क, वसतिगृह यांची माहिती घरबसल्या मिळते आणि कर्जाची व्यवस्था बँक करते. तेथील शेजारी, प्राध्यापक, यजमान यांच्याशी वागण्याची रीत मात्र मुले तेथे पोहोचल्यावर चाचपडत शिकतात. चाचपडण्यात काही महिने सहज निघून जातात आणि तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम तर बहुधा एकाच वर्षाचा असतो! रीत उमगेपर्यंत परतीची वेळ येते. मी स्वतः तेथे विद्यार्थिनी म्हणून राहिले. परत आल्यापासून तिकडे निघालेली मुले चौकशीसाठी माझ्याकडे येत असतात. त्यांच्या प्रश्नांतून आणि परतल्यावरच्या हकिगतींतून जे उमगले, तेच आज आपल्यापुढे मांडते.

प्रारंभी एका शब्दाविषयी. आपण मराठीत सरसकट ‘इंग्रज’ म्हणतो. परंतु स्कॉटलंड किंवा वेल्समधील मनुष्याला इंग्रज म्हटलेले रुचत नाही. विंध्याच्या दक्षिणेकडील प्रत्येकाला ‘मद्रासी’ म्हणणारे लोक आपल्याला भेटले आहेत आणि तेव्हा आपल्याला काय वाटते, ते आपण जाणतो. म्हणून एडिंबरा, कार्डिफ, बेलफास्ट येथे जाणाऱ्या मुलांनी हे भान पहिल्या दिवसापासून ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या घरी पाहुणा आला की आपण विचारतो, “थोडे आणखी वाढू?” पाहुणा म्हणतो, “नको, नको, पोट भरले.” आपण त्याचे ऐकत नाही. दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा तर वाढूनच टाकतो. पहिल्या खेपेला ‘हो’ म्हणणे हे पाहुण्याला शोभत नाही आणि पहिल्या नकारावर थांबणे हे यजमानाला शोभत नाही, असे आपले अलिखित शास्त्र आहे. त्याचे नाव आग्रह. दुसऱ्याची भूक त्याने न सांगता ओळखावी, ही त्यामागची भावना.

ब्रिटिश घरातही यजमान तितक्याच आपुलकीने विचारतो. तुम्ही ‘नको’ म्हटले की तो भांडे बाजूला ठेवतो. यात कृपणता नाही. तुम्ही सज्ञान आहात, तुम्हाला काय हवे ते तुम्हाला कळते, तुमच्या शब्दाचा मान राखणे हे माझे कर्तव्य आहे, अशी त्याची धारणा असते. दुसऱ्याच्या खासगी जीवनात तो न विचारता पाऊल टाकत नाही. याला मी अदब म्हणते.

आग्रह आणि अदब या दोन्ही सभ्यताच आहेत. पण त्या समोरासमोर आल्या की एक चमत्कारिक गोष्ट घडते. आपला मुलगा कोणीतरी पुन्हा विचारील म्हणून थांबतो आणि यजमान तो स्वतः सांगेल म्हणून थांबतो. दोघेही सौजन्याने थांबलेले असतात आणि मुलगा उपाशी राहतो.

ही अतिशयोक्ती नाही. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. जहाजावर काटेचमचे कसे धरावेत हे ठाऊक नसल्याने आणि कोणता पदार्थ शाकाहारी हे विचारण्याचा धीर न झाल्याने बरोबर नेलेली मिठाई आणि फळे ते आपल्या खोलीतच खात राहिले. रिचमंडला एका स्नेह्याकडे राहताना जेवणात पाव आणि मुरंबा असे. भूक भरपूर होती, परंतु दोन-तीन तुकड्यांहून अधिक पाव मागणे बरे दिसणार नाही, म्हणून ते अर्धपोटी उठत. हे सारे त्यांनी आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटजवळ शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पोटभर जेवण मिळाले. नंतर दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहिली. कपडे, भाडे, आहार, खर्च यांचा बारीक तपशील तीत आहे. पावाचा तुकडा मागण्याचा तो संकोच आजही आपल्या मुलांच्या सामानाबरोबर विमानात चढतो.

याच्या पाच वर्षे आधी, १८८३ साली, एक मराठी विदुषी इंग्लंडला पोहोचली होती. पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म आपल्याच कर्नाटकातला, पश्चिम घाटातील गंगामूळचा. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या इच्छेने त्या गेल्या, परंतु कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. त्यांनी तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही. आपल्या आहाराविषयी आणि मतांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्या पत्रांत आदर आहे, कृतज्ञताही आहे. पण जे मान्य नाही, ते मान्य नसल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे. ज्यांच्या छत्राखाली राहायचे त्यांनाच नाही म्हणायचे आणि तरी ऋणानुबंध राखायचा, ही गोष्ट सोपी नव्हे. परदेशी घरात राहणाऱ्या विद्यार्थिनीने कसे बोलावे, याचा वस्तुपाठ मला त्या पत्रांत दिसतो.

काही पालक विचारतात, “मग काय, आमच्या मुलांनी साहेब व्हायचे?” मुळीच नाही. या प्रश्नाचे उत्तर देण्यास राजाजीनगरइतकी योग्य जागा दुसरी नसेल. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने १९४९ साली ही वसाहत आकाराला येऊ लागली. त्याआधी, १९४६ साली, किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी बंगळुरूमध्ये स्थापन झाली होती. कारखान्यांच्या निमित्ताने, बँकांच्या, रेल्वेच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या शहरात आली आणि कन्नड शेजाऱ्यांत राहू लागली. ज्यांची मातृभाषा घराबाहेर चालत नाही, त्या मुलांना दोन रीतिरिवाज एकाच वेळी शिकावे लागतात. आपण सारे ते शिकलो. संक्रांतीला घरात “तिळगूळ घ्या, गोड बोला” म्हणायचे आणि शेजारच्या घरी “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि” ऐकायचे. निघताना आपण ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो. शेजारच्या अज्जीही ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, म्हणजे ‘जाऊन येते’. वरमहालक्ष्मीच्या दिवशी तांबूल कसा घ्यावा, हे आपल्या आयांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. त्यांनी पाहिले, शेजारणीला विचारले आणि त्या शिकल्या. म्हणून त्यांचे मराठीपण उणावले का? शिष्टाचार हीसुद्धा एक भाषा आहे. कन्नड आल्याने मराठी जात नाही, तशी तिसरी रीत आल्याने पहिल्या दोन जात नाहीत. आपली मुले या बाबतीत जन्मतःच दोन पावले पुढे आहेत, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आता त्या तिसऱ्या भाषेचे थोडे व्याकरण पाहू.

निमंत्रणापासून सुरुवात करते. “कधीतरी या ना जेवायला,” असे कोणी ब्रिटिश ओळखीचा म्हणाला, तर ते बहुधा निमंत्रण नसून सदिच्छा असते. आपल्याकडेही “या एकदा घरी” म्हणतोच की. दिवस आणि वेळ सांगितली, की ते खरे निमंत्रण. त्याला होकार किंवा नकार लवकर आणि स्पष्ट कळवावा. “बघतो, जमवतो” हे उत्तर तेथे चालत नाही, कारण यजमान माणसे मोजून स्वयंपाक करतो. होकार दिल्यावर एखादा मित्र न विचारता बरोबर नेऊ नये. येण्याचे जमेनासे झाले, तर आदल्या दिवशी तरी कळवावे.

‘टी’ या शब्दाने फसू नये. देशाच्या उत्तर भागात पुष्कळ घरांत संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात आणि ‘डिनर’ म्हणजे दुपारचे जेवणही असू शकते. शंका असल्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

वेळेविषयी : सातला बोलावले असेल तर सातनंतर पाच-दहा मिनिटांनी पोहोचावे. सातच्या आधी घंटा वाजवू नये, कारण यजमान अजून तयारीत असतो. फार उशीर होणार असेल तर फोन करावा. हाती काही लहान भेट असावी : फुले, चॉकलेट, किंवा आपल्या म्हैसूरपाकाचा छोटा डबा. भारी भेटीने यजमान अवघडतो. जोडे काढायचे की नाही, हे घराघरांवर असते. दारातच विचारले की प्रश्न मिटतो.

आहाराचे निमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. “मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही,” असे आठ दिवस आधी सांगितले तर यजमानाला आनंद होतो, ताटावर बसल्यावर सांगितले तर तो ओशाळतो. तेथे शाकाहारी म्हणवणारे बहुतेक लोक अंडी खातात, म्हणून ‘व्हेजिटेरियन’ एवढा शब्द पुरत नाही. जेलीत जिलेटिन असते आणि नाताळच्या पुडिंगमध्ये पूर्वापार प्राण्यांची चरबी घालतात. त्याचा बिनचरबीचा प्रकारही दुकानात मिळतो. मद्य नको असेल तर “धन्यवाद, मी घेत नाही, रस चालेल,” एवढे पुरे. कारण कोणी विचारत नाही आणि सांगण्याची गरजही नाही.

आणि मघाचा तो पाव! हवे असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हणावे. “आणखी थोडे मिळेल का? फार छान झाले आहे,” असे म्हटले तर गृहिणीला संतोष होतो. जेवणानंतर ताटे उचलायला मदत करू का, असे विचारावे. नको म्हणाल्या तर मात्र स्वयंपाकघरात शिरू नये. तेथे आपला आग्रह आवरावा. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवावा. पत्राने पाठवला तर त्याची आठवण अधिक काळ राहते.

बोलण्यात पगार, घराची किंमत, वय, लग्न, मूल का नाही, हे विषय आपण होऊन काढू नयेत. आपल्याकडे हे प्रश्न जिव्हाळ्यापोटी येतात, तेथे ते चौकशीसारखे वाटतात. हवामानावर बोलणे निरर्थक समजू नये. आपल्याकडे “ऊट आय्ता?” किंवा “जेवण झाले का?” म्हणून विचारणारा काही जेवायला वाढणार नसतो, बोलायची दारे उघडत असतो. हवामानाचे तेच काम.

त्यांच्या शब्दांचे वजनही निराळे असते. “नॉट बॅड” म्हणजे पुष्कळदा उत्तम. “क्वाइट गुड” म्हणजे अनेकदा बरे, याहून चांगले होऊ शकले असते. निबंधावर प्राध्यापकांनी “हा मुद्दा पुन्हा पाहावासा वाटेल का?” असे लिहिले, तर ती सूचना ऐच्छिक नसते, तो मुद्दा चुकलेला असतो. हे न कळल्याने हुशार मुले गाफील राहतात. प्राध्यापकांना नावाने हाक मारणे आपल्या मुलांना जड जाते. ज्यांनी “सर, बाई” म्हणून हात जोडले, त्यांना सत्तर वर्षांच्या विद्वानाला नुसत्या नावाने कसे संबोधावे हा प्रश्न पडतो. ते स्वतः तसे सांगत असतील तर तसे म्हणावे. आदर हा तयारी करून येण्यात आणि वेळ पाळण्यात दिसतो, अशी तेथील समजूत आहे.

आता हिंडण्याफिरण्याविषयी. इंग्लंड-वेल्समध्ये शेतांतून, रानांतून, खासगी जमिनींतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचे जाळे दोन लाख किलोमीटरहून मोठे आहे. त्या वाटांवरून चालण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. रविवारी कोणी “चालायला येता का?” असे विचारले, तर ते चार-पाच तासांचे चिखलातले चालणेही असू शकते. चांगले बूट, पावसाचे जाकीट आणि डबा बरोबर असावा. वाटेतली फाटके जशी दिसली तशीच ठेवावीत : बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, उघडे असेल तर उघडे असू द्यावे. कुरणात मेंढ्या असतील तर शांतपणे पुढे जावे. वाटेत भेटणारा अनोळखी मनुष्यही अभिवादन करतो, त्याला उत्तर द्यावे. लोकलच्या डब्यात मूक बसणारा हाच समाज पायवाटेवर मोकळा होतो. मैत्री जुळवायची असेल तर माझ्या मते दिवाणखान्यापेक्षा पायवाट बरी, कारण शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि मधला अबोला खुपत नाही.

पबमध्ये मंडळी गेली की आळीपाळीने एकेकजण सर्वांसाठी पेये आणतो. तुम्ही संत्र्याचा रस घेत असाल तरी आपली पाळी चुकवू नये. उपाहारगृहात बिल बहुधा वाटून देतात, “मी देतो, मी देतो” ही आपली झटापट तेथे होत नाही. सरकत्या जिन्यावर लंडनमध्ये उजवीकडे उभे राहावे, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी. रांग मोडणे हा तेथे अक्षम्य अपराध आहे, मग ती बसथांब्यावरची दोघांची रांग का असेना. रेल्वेचे सवलतपत्र विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात घ्यावे. १६ ते २५ वर्षे वयाच्या प्रवाशांना त्यावर भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते.

लंडनचे ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम यांचे कायमचे संग्रह विनामूल्य पाहता येतात. पण बंगळुरूच्या मराठी मुलांसाठी मी दोन जागा मुद्दाम सुचवते. उत्तर लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात विद्यार्थी म्हणून राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने घेतले आहे. दुसरी जागा थेम्सच्या काठी, अल्बर्ट एम्बँकमेंटवर. तेथे महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे. या दोन्ही वास्तूंचे लोकार्पण एकाच दिवशी, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले. मराठी घरातून आणि कन्नड मातीतून आलेल्या विद्यार्थ्याने एखाद्या शनिवारी सकाळी एक आणि दुपारी दुसरी अशी फेरी करावी, आणि शक्य तर एखाद्या ब्रिटिश सहाध्यायाला बरोबर न्यावे. पाहुण्याने यजमानाला त्याचेच शहर दाखवावे, याहून मैत्रीचा चांगला प्रारंभ कोणता?

१९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ लंडनमध्ये आहेच. गणेशोत्सवाला, दिवाळीला तेथे जावे, मन भरून येते. तथापि वर्षभर केवळ आपल्याच मंडळींत राहिलो तर ब्रिटनमध्ये राहूनही ब्रिटन पाहिले नाही, असे होईल. एकाही ब्रिटिश घराचा उंबरठा न ओलांडता पदवी घेऊन परतलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणी हाकलले नव्हते. कोणी बोलावले नाही आणि त्यांनीही कोणाला बोलावले नाही, इतकेच.

आता मी प्रारंभी म्हटलेल्या गंभीर गोष्टीकडे येते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे तासभर मागे जातात. डिसेंबरात लंडनमध्ये चार वाजण्यापूर्वी सूर्य मावळतो, स्कॉटलंडमध्ये त्याहून लवकर अंधारते. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडते. २५ डिसेंबरला लंडनच्या भुयारी गाड्या आणि बसही बंद असतात. याच दिवसांत आपली मुले खचतात. पैशांची चणचण, अभ्यासाचे ओझे, सर्दी-ताप, आणि कोणाशी बोलावे हा प्रश्न. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी चार दिवस तापाने खोलीत पडून होती. शेजारच्या खोलीतल्या मुलीला खोकल्याचा आवाज येत होता. हिला वाटले, एवढे ऐकू येते तर ती विचारील. तिला वाटले, दार बंद आहे, तिला एकटे राहायचे असेल. पाचव्या दिवशी हिने भिंतीवर टकटक केली, तेव्हा ती धावत आली, औषध आणले, सूप केले आणि “आधी का नाही सांगितलेस?” म्हणून कळवळली. दोघींपैकी कोणीही निष्ठुर नव्हती. आग्रहाची वाट पाहणारी एक आणि अदबीने थांबलेली दुसरी, यांच्यामध्ये चार दिवस एक भिंत होती.

ताप उतरतो. परंतु हाच संकोच परीक्षेतल्या अपयशाबाबत, पैशांबाबत, मनाच्या खिन्नतेबाबत धरला गेला तर काय होते, याची कल्पना आपण करू शकता. म्हणून माझ्या लेखी ब्रिटिश शिष्टाचाराचा पहिला धडा काटा कोणत्या हातात धरावा हा नाही. “मला मदत हवी आहे,” हे वाक्य वेळेवर उच्चारणे, हा पहिला धडा. तेथे ते असभ्य नाही. उलट न सांगणे हेच तेथे कोड्यात टाकणारे ठरते. एकदा सांगितले की विद्यापीठात त्यासाठी माणसे नेमलेली असतात. पर्सनल ट्यूटर, विद्यार्थी सल्लागार आणि वसतिगृहाचे व्यवस्थापक ही माणसे त्याचसाठी आहेत. आजारपणामुळे निबंधाला मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपण्यापूर्वी मागावी. पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतोच. तातडीच्या संकटात ९९९, तातडी नसलेल्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११, आणि मन अगदी बुडू लागले तर समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा विनामूल्य क्रमांक रात्री-अपरात्रीही उचलला जातो. हे तीन क्रमांक पालकांनीही लिहून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक अबोला हा अपमान नसतो, हे मी सांगितले. पण प्रत्येक अपमान हा गैरसमजही नसतो. वर्णावरून, उच्चारावरून कोणी टाकून बोलले तर ते सोसत राहणे म्हणजे सौजन्य नव्हे. त्याची तक्रार करण्याची व्यवस्था विद्यापीठात असते आणि पोलिसांकडेही जाता येते. जे मान्य नाही ते सांगणे, हा रमाबाईंचा धडा येथेही लागू पडतो.

पालकहो, या शिक्षणाची सुरुवात विमानतळावर होत नाही, घरी होते. मुलांना जाण्यापूर्वी बँकेत, रुग्णालयात, कार्यालयात एकट्याने जाऊन स्वतःची अडचण स्वतःच्या तोंडाने मांडू द्या. तुम्ही शेजारी उभे राहून त्यांच्या वतीने बोलू नका. हवे असेल तर हो आणि नको असेल तर नको, हे घरातल्या ताटावरच शिकू द्या. फोनवर “जेवलास का?” हा प्रश्न अवश्य विचारा, त्यात आपले सारे प्रेम आहे. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा : “या आठवड्यात कोणाशी बोललास?” आणि मुलाने “जमत नाही” असे सांगितले, तर पहिल्या वाक्यात खर्चाचा हिशोब काढू नका. ज्याला घरी अपयश सांगण्याची सवय नाही, तो परक्या देशात कोणाला सांगणार?

आपला आग्रह टाकून द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. तो आपला ठेवा आहे. अदबीने जगणाऱ्या समाजातही एकाकी माणसे असतात. वसतिगृहातल्या शेजाऱ्यांना एखाद्या रविवारी पोहे खायला बोलवावे. दिवस आणि वेळ सांगून बोलवावे, तिखट कमी घालावे, एकदा विचारावे, फार तर दोनदा. आपण त्यांच्याकडे केवळ पाहुणे म्हणून गेलो नाही, कधी यजमानही झालो, की नाते बरोबरीचे होते.

शेवटी एक सूचना मांडून थांबते. विद्यार्थ्यांना ब्रिटिश घरांत एखादा दिवस पाहुणे म्हणून राहता यावे, यासाठी तेथे १९८७ साली होस्टयूके नावाची धर्मादाय संस्था सुरू झाली आणि तिने अशा पुष्कळ भेटी घडवून आणल्या. त्याच धर्तीवर एक लहानसे काम आपण करू शकतो. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, त्यांनी आपली नावे आणि गावे शाळेच्या कार्यालयाकडे कळवावीत. येथून दर वर्षी निघणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला त्यांपैकी एका घराचे निमंत्रण मिळावे, नाताळच्या त्या ओस पडलेल्या आठवड्यातले, तारीख आणि वेळ घातलेले. आणि त्या जेवणाला यजमानांनी आपल्या एका ब्रिटिश शेजाऱ्यालाही बोलवावे. साठ वर्षे या शाळेने कन्नड नगरीत मराठी मुलांना दोन घरांत सहजपणे वावरायला शिकवले. तिसऱ्या घराचे दार उघडून देण्याचे काम आता आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे आहे. ज्यांना हे नाव नोंदवायचे आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत ते लिहावे, ही नम्र विनंती.